चैत्रांगण : बालहस्तांचा पहिला पाठ

चैत्र शुद्ध प्रतिपदेची पहाट झाली, दारी गुढी उभी राहिली आणि कडुनिंबाचा कोवळा पाला मुखी घातला, की आपल्या घरी वसंताचे आगमन झाले असे आपण मानतो. श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी ऋतूंमधील आपली विभूती म्हणून वसंताचाच निर्देश केला आहे. अशा या ऋतूची ओळख घरातील तीन-चार वर्षांच्या चिमुकल्यांना आपण कशी करून देतो? बहुधा एक छापील रंगवही आणि रंगीत खडूंची एक पेटी त्यांच्या हाती देतो. त्या वहीतील वसंत पाहावा, तर त्यात ट्यूलिपची फुले असतात, गुबगुबीत ससे असतात आणि बर्फ वितळल्यावर उगवलेले हिरवेगार गवत असते. तो वसंत खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो दुसऱ्या भूमीचा आहे, एवढेच. आपल्या भूमीचा वसंत दाखवणारी रंगवही मात्र आपल्या आजी-पणजींनी केव्हाच काढून ठेवली आहे. तिचे नाव चैत्रांगण.

या वहीची महती आम्हांस जाणवली ती महापे येथे. ठाणे खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामधील पट्ट्यात हे गाव वसले आहे. एके काळी या पट्ट्यात भातशेती आणि मिठागरे होती. पुढे औद्योगिक वसाहत आली, सिडकोच्या १९७० सालच्या स्थापनेनंतर नवी मुंबई उभी राहू लागली आणि कारखान्यांच्या पाळ्यांवर घरांची घड्याळे चालू लागली. महाराष्ट्राच्या नाना जिल्ह्यांतून कुटुंबे येथे पोटापाण्यासाठी आली. येताना त्यांनी देव्हारा आणला, कुळाचार आणला. परंतु अंगण काही त्यांना आणता आले नाही.

अशाच एका परिचित कुटुंबाची ही हकीकत आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील हे कुटुंब महाप्याच्या एका चाळीत राहते. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्च रोजी आला आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. कारखाने थांबले, अंगणवाडी बंद झाली. दहा बाय बाराच्या खोलीत आई, वडील, आजी आणि चार वर्षांची एक चिमुरडी असे चौघे दिवसचे दिवस समोरासमोर राहू लागले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या त्या मुलीचे शिक्षण आता घरीच व्हावयाचे होते. छापील रंगवही दोन दिवसांत भरून संपली. दुसरी आणावी तर दुकाने बंद. अशा वेळी, २७ मार्चला, चैत्र शुद्ध तृतीयेस आजींनी चैत्रगौर बसवली आणि नातीला जवळ बोलावून म्हणाल्या, "ये गं बाळे, आज आपण गौरीचं अंगण काढू."

गौरीचे माहेर

चैत्र शुद्ध तृतीयेपासून वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, गौर माहेरी येते अशी आपली श्रद्धा आहे. तिला झोपाळ्यात बसवावे, आंब्याची डाळ आणि पन्हे यांचा नैवेद्य दाखवावा, सुवासिनींची हरभऱ्यांनी ओटी भरावी आणि दारी चैत्रांगण रेखावे, हा महिनाभराचा सोहळा. चैत्रांगणात एक्कावन्न चिन्हे असावीत असा परंपरेचा संकेत आहे. देव्हाऱ्यातील गौर, सूर्य आणि चंद्र, शंख, चक्र, गदा आणि पद्म, स्वस्तिक, तुळशीवृंदावन, गोपद्म, लक्ष्मीची पावले, गाय, हत्ती, कासव, नाग, गरुड, मोर, आंब्याचे झाड, केळ, नारळ, समई, फणी, आरसा, करंडा, पाळणा! घर, गोठा, वन आणि आकाश त्या एका चौकटीत येतात. बालकाला जगाची ओळख करून देणारे याहून सुंदर चित्रपुस्तक आम्हांस ठाऊक नाही.

अंगण नसले तरी आजींचे अडले नाही. त्यांनी गेरूने सारवलेला एक पाट घेतला. रांगोळीची पूड डब्यात जेमतेम चिमूटभर होती, म्हणून तांदळाचे पीठ घेतले. हाही जुनाच मार्ग आहे. चौसष्ट कलांच्या यादीत तांदूळ आणि फुले यांच्या मांडणीची कला सांगितली आहे. आणि दारातील पीठ मुंग्या-चिमण्यांच्या मुखी पडले, तर पंचमहायज्ञांतील भूतयज्ञही सहज घडतो. लहान मुलांच्या दृष्टीने तर पीठच उत्तम. शिरगोळ्याच्या पुडीची धूळ श्वासावाटे जाणे बरे नाही, आणि या वयाचा हात केव्हा तोंडात जाईल याचा नेम नसतो.

चिमटीतले शहाणपण

रांगोळीच्या चिमटीत एक मोठे शिक्षण दडले आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पीठ धरून ते बारीक धारेने सोडावयाचे, तर बोटांच्या ज्या लहान स्नायूंना काम पडते, तेच पुढे पेन्सिल धरण्यास उपयोगी येतात. चिन्हांचा क्रमही बालकाच्या वाढीशी जुळवून घेता येतो. साधारणपणे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मूल वर्तुळ काढू लागते, चौथ्याच्या सुमारास फुली, त्यानंतर चौकोन आणि पाचव्याच्या सुमारास त्रिकोण. तेव्हा प्रथम सूर्य-चंद्र द्यावेत. मग फुलीला बाहू जोडून स्वस्तिक, पुढे चौकोनाचा देव्हारा आणि शेवटी त्यावर त्रिकोणाचे शिखर. रोज एकच चिन्ह पुरे. मोठ्यांनी पांढरी रेघ ओढावी आणि आतील रंग मुलांनी भरावा. मुलींबरोबर मुलग्यांनाही या पाटाशी बसवावे. गौर सर्वांचीच माय आहे.

रंगांसाठीही बाजाराची वाट पाहण्याचे कारण नाही. पिवळा रंग हळदीचा, हिरवा पालकाच्या रसाचा, गुलाबी बिटाचा. ठाणे जिल्ह्यातील डोंगरांवर फाल्गुनात फुलणाऱ्या पळसाची गळून पडलेली फुले रात्रभर पाण्यात भिजत घातली, तर सकाळी सुरेख केशरी पाणी मिळते. रंगपंचमीचा पूर्वापार रंग तो हाच. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ते लालसर होते आणि वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. हळदीला खाराचा स्पर्श झाला की ती तांबूस होते, घरगुती कुंकवाचे मर्मही त्यातच आहे. हा प्रयोग आईने करावा आणि मुलाने डोळे विस्फारून पाहावा. चुना मात्र लहान मुलांच्या हाती मुळीच देऊ नये, तो डोळ्यांस अपाय करतो.

तांबडे पान

त्या घरात आठव्या दिवशी आंब्याच्या झाडाची पाळी आली. चिमुरडीने सारी पाने सोड्याच्या लाल हळदीने रंगवली. वडील सहज म्हणाले, "अगं, पान कधी तांबडं असतं का? हिरवं कर." मुलीचा चेहरा उतरला, हात थांबला. आजींनी काही न बोलता तिला गॅलरीत नेले. समोरच्या आंब्याच्या शेंड्यांना नवी पालवी फुटली होती आणि ती पालवी तांबूस होती! मुलीने झाड पाहूनच चित्र रंगवले होते. वडिलांनी सवयीने उत्तर दिले होते.

वाचकहो, ही गोष्ट लहान खरी, पण तिच्यात मोठा बोध आहे. आंब्याची कोवळी पाने तांबडीच असतात, पिंपळाची गुलाबी झाक असलेली आणि कुसुंबाची तर लालभडक. कोवळ्या पानांत हरितद्रव्य पुरते तयार झालेले नसते. तोवर लाल रंगद्रव्य उन्हापासून त्यांचे रक्षण करण्यास साहाय्य करते, असे वनस्पतिशास्त्र सांगते. आपला वसंत हिरव्या रंगाने सुरू होत नाही, तो तांबड्याने सुरू होतो. पळसावर फुले येतात तेव्हा पान नसते, पांगाऱ्याचे आणि काटेसावरीचेही तसेच. हे न पाहता आपण मुलांच्या हाती हिरवा खडू देतो आणि त्यांच्या डोळ्यांनी टिपलेले सत्य खोडून टाकतो.

महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक यांनी हे सत्य फार पूर्वी ओळखले होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करून आलेल्या ताराबाईंनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या आणि १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, हा ताराबाईंचा विचार. त्यातूनच अंगणवाडी हा शब्द रूढ झाला. महागडी परदेशी साधने न आणता पाने, बिया, शिंपले, माती यांतून त्यांनी बालकांना शिकवले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री लाभली. ज्यांच्या घराला अंगणच नाही, त्यांनी त्या थोर स्त्रियांचा धडा पाटावर गिरवावा, असे आम्हांस वाटते.

कोणी विचारील, बालकाच्या वेड्यावाकड्या रेघांनी चैत्रांगणाच्या पावित्र्यास उणेपणा येणार नाही का? आमचे नम्र उत्तर असे की, गौर येथे माहेरी आलेली असते आणि माहेरी कोणी कोणाच्या चुका मोजीत नाही. स्वस्तिकाचा बाहू उलटा वळला, तर हाताला हात धरून पुन्हा काढून दाखवावा. चिन्हांवर पाय पडू नये एवढे सांगावे, आणि रोज सायंकाळी पीठ गोळा करून झाडाच्या बुंध्याशी ठेवण्याचे काम मुलाकडेच द्यावे. त्यातून आदर शिकवला जातो, धाकातून नव्हे.

चिंता आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या आजींना एक्कावन्नपैकी चौतीस चिन्हेच आठवली. उरलेली त्यांच्या सासूबाईंबरोबर गेली. घरोघरी हेच चालले आहे. एकेका पिढीगणिक या वहीची काही पाने गळत आहेत, आणि ती कोणी चोरून नेत नाही. आपणच ती विचारावयास विसरतो. म्हणून यंदाच्या चैत्रात घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांजवळ मुलांना बसवा. जे चिन्ह त्यांना आठवेल ते आधी काढून घ्या, वहीत त्याचे नाव लिहा, आणि मग बालकाला रंग भरू द्या.

त्या वर्षी २६ एप्रिलला अक्षय्य तृतीया आली, तेव्हा टाळेबंदी संपली नव्हती. गौरीची बोळवण झाली, पाट धुऊन भिंतीला लावला गेला. परंतु आईने त्याआधीच ती चौतीस चिन्हे एका वहीत उतरवून ठेवली होती आणि वडिलांनी त्यांतील आंब्याचे झाड आपल्या हाताने रंगवले होते. त्याची पाने त्यांनी तांबडी रंगवली.