राणीछाप रुपयाचं मोल

आजीच्या पेटीतला राणीछाप रुपया तळहातावर घ्या. वजन जुना एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं; शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या रुपयांतही हेच प्रमाण. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, १९४७ चा रुपया तर निकेलचा. वजन मात्र तेच राहिलं. म्हणून आधी साल वाचायचं.

मोडीत घालताना आटणीचा खर्च येतो, त्यासाठी थोडी कपात रास्तच. दोन जाणकारांनी आपसात घासाघीस केली तरी तक्रार नाही. पण अडीनडीला आलेल्या म्हातारीला ‘जुनं आहे, काळं पडलंय’ सांगून निम्म्या भावात रुपया काढून घेणं ही फसवणूकच. काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाने पृष्ठभागावर धरलेला पातळ थर. त्याने आतली चांदी कमी होत नाही.

नाणी विकायला नेण्याआधी प्रत्येकाचं साल, वजन आणि त्या दिवशीचा चांदीचा भाव कागदावर लिहून न्या.