कुत्रे कोणाचे आणि न्यायालय कोणते?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमचे आयुष्य युनियनच्या कामात गेले, तेव्हा ती म्हण पाळणे आम्हांला कधी जमले नाही. कायदा आम्ही शाळेत शिकलो नाही. तो तारखांना जाऊन जाऊन शिकलो. त्यात पहिला धडा मिळाला तो असा, की पायरी चढण्याआधी ती कोणत्या कोर्टाची आहे हे पाहावे. कामावरून काढलेल्या एका सोबत्याचे प्रकरण आम्ही तीन वर्षे लढवले आणि शेवटी ऐकले काय, तर 'हा विषय आमच्या कक्षेत येत नाही.' बाजू खोटी ठरली नव्हती, दार चुकले होते. यालाच अधिकारक्षेत्राचा प्रश्न म्हणतात. तो नीट उमजावा म्हणून आम्ही एक दूरचे, पण साधे उदाहरण घेतो : अमेरिकेतील दोन माणसांचे एका कुत्र्यावरून भांडण.

2005 च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना नावाच्या वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली घातले. माणसे जीव घेऊन निघाली, जनावरे मागे राहिली. पुढे मदत करणाऱ्यांनी ती उचलली आणि त्यांतली कित्येक दूरदूरच्या राज्यांतील कुटुंबांना सांभाळायला दिली. काही महिन्यांनी मूळ मालक शोधत आले, तेव्हा काही नव्या घरांनी कुत्रे परत देण्यास नकार दिला. एक म्हणे, आम्ही टाकून दिले नव्हते. दुसरा म्हणे, आम्ही जगवले. समजा, मालक लुइझियाना राज्याचा आणि नवा पालक फ्लोरिडाचा. तंटा दोन राज्यांतील माणसांचा, तेव्हा तो केंद्राच्या न्यायालयात जावा, असे कोणालाही वाटेल.

येथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. आपल्याकडे तालुक्याचे दिवाणी न्यायालय राज्याचा कायदाही लावते आणि केंद्राचाही. न्यायालयांची उतरंड एकच आहे. अमेरिकेत तसे नाही. तेथे 50 राज्यांची आपापली न्यायालये आहेत आणि संघराज्याची न्यायालये निराळी आहेत. 1787 साली तयार झालेल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाने या संघ-न्यायालयांना मोजकेच विषय दिले. सामान्य माणसाला तेथे शिरण्याची मुख्य दारे दोन.

पहिले दार वेगवेगळ्या राज्यांच्या नागरिकांतील तंट्याचे. परक्या राज्यात गेलेल्या माणसाला तेथील न्यायाधीश आपल्या माणसापुढे न्याय देईल की नाही, या भीतीतून ते निघाले. 1806 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एका बाजूचा कोणीही दुसऱ्या बाजूच्या कोणाच्याही राज्याचा असता कामा नये. आमचा मालक ही अट पार करतो. पण या दाराला दुसरे कुलूप आहे, ते रकमेचे. 1789 च्या कायद्यात ही रक्कम 500 डॉलर होती. आज तंटा 75,000 डॉलरहून अधिक रकमेचा असावा लागतो. आणि कायद्याच्या लेखी कुत्रे ही जंगम मालमत्ता. तिचे मोल सहसा बाजारभावाने होते. दारात वाट पाहण्याचे आणि उशाशी झोपण्याचे मोल त्यात धरले जात नाही. गावठी कुत्र्याची किंमत 75,000 डॉलर कोण ठरवील? दार बंद.

दुसरे दार संघराज्याच्या घटनेतून वा कायद्यातून उपजलेल्या हक्काचे. परंतु सापडलेली वस्तू कोणाची, दिलेले दान पुरे झाले की नाही, हे प्रश्न राज्याच्या कायद्याचे आहेत. कॅटरिनानंतर 2006 साली केंद्राने आपत्तीच्या योजनांत पाळीव जनावरांचा विचार करण्यास सांगितले खरे. पण कुत्रे कोणाचे, हे त्या कायद्याने सांगितले नाही.

येथे कोणी म्हणेल, दोन्ही पक्ष राजी असले तर न्यायालयाचे काय जाते? त्याला उत्तर 1908 च्या एका निकालात आहे. 1871 च्या रेल्वे अपघातात जखमी झालेल्या मॉटली नवरा-बायकोला भरपाई म्हणून कंपनीने जन्मभराचा फुकट पास दिला होता. 1906 साली केंद्राने असे पास बंद केले आणि कंपनीने हात वर केले. जोडपे संघ-न्यायालयात गेले आणि जिंकले. अपिलात सर्वोच्च न्यायालयाने, कोणत्याही पक्षाने न विचारता, म्हटले, की तुमचा दावा कराराचा आहे, केंद्राचा कायदा फक्त कंपनीच्या बचावात येतो; म्हणून हे न्यायालय तुमचे नव्हे. सारे पुन्हा राज्याच्या न्यायालयात सुरू झाले. तेथेही ती जिंकली आणि 1911 साली सर्वोच्च न्यायालयात अखेर हरली. पक्षांच्या संमतीने अधिकारक्षेत्र निर्माण होत नाही, ते असे.

मग कुत्र्याला संघाचे दार कधी उघडतच नाही काय? उघडते. न्यू ऑर्लिन्समध्येच एक कुत्री गाडीखाली मेली. तिच्यासाठी मागितलेले 250 डॉलर 1897 साली थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कारण किंमत नव्हे. करपत्रकात नोंद नसलेले कुत्रे मालमत्ता नव्हे, हा राज्याचा कायदा घटनेला धरून आहे काय, असा प्रश्न तिच्या गळ्यात अडकला होता. मालक हरला, पण त्याचे म्हणणे ऐकले गेले. तसेच, पोलिसाने कारण नसता कोणाचे कुत्रे गोळी घालून मारले, तर घटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा आणि 1871 च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेऊन मालक संघ-न्यायालयात जाऊ शकतो. तेथे 75,000 ची अट नाही. शेजाऱ्याविरुद्ध बंद असलेले दार सरकारविरुद्ध उघडते. कुत्रे तेच असते. प्रतिपक्ष आणि हक्काचा उगम बदलतो.

म्हणून आमच्या लुइझियानाच्या मालकाने सहसा फ्लोरिडाच्या राज्य न्यायालयात जावे. ते दार हलके समजण्याचे कारण नाही. घटस्फोटात जनावर कोणाकडे राहावे हे ठरवताना त्याच्या हिताचा विचार करण्याची मुभा अलास्काने 2017 पासून आणि कॅलिफोर्नियाने 2019 पासून न्यायाधीशांना दिली. ही सुधारणा राज्यांनीच केली.

आमच्या सभासदांना आम्ही नेहमी विचारतो : प्रतिपक्ष कोण, हक्क कोणत्या कायद्याने दिला, रक्कम किती आणि मुदत कधी संपते? अन्याय किती मोठा, हा प्रश्न त्यानंतर. श्रीमंताचे दार चुकले तर तो दुसरा वकील करतो. गरिबाची वर्षे जातात. कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. त्यातली तीन चुकीच्या दाराशी गेली, तर निकाल लागेल तेव्हा ते आपल्या धन्याला ओळखील की नाही, कोणी सांगावे?