लाकडी बॅट, धातूची बॅट आणि विक्रेत्याचे कर्तव्य

अमेरिकेतील हौशी बेसबॉलमध्ये लाकडी बॅट वापरावी की ॲल्युमिनियमची, हा वाद जुना आहे. व्यावसायिक मेजर लीगमध्ये केवळ लाकडी बॅट चालते. महाविद्यालयीन सामन्यांत १९७४ पासून धातूचीही मान्य झाली. लाकूड वारंवार मोडते, धातू टिकतो. शाळांना त्यात काटकसर दिसली. परंतु पोकळ धातू आघाताने क्षणभर दबून उसळतो आणि चेंडू अधिक वेगाने परततो.

२००३ मध्ये मोंटाना राज्यात अशा चेंडूच्या आघाताने १८ वर्षांचा एक खेळाडू दगावला. २००९ मध्ये तेथील ज्यूरीने ठरविले की, बॅटची रचना सदोष नव्हती. मात्र धोक्याची पुरेशी सूचना उत्पादकाने दिली नव्हती. भरपाई साडेआठ लाख डॉलर ठरली. २०११ पासून महाविद्यालयीन खेळात धातूच्या बॅटची उसळी लाकडाच्या जवळ आणणारे मानक लागू झाले.

आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांनी या निकालावर चिंतन करावे. जैन विचाराने प्रमादाला हिंसेचे मूळ मानले आहे. माल निर्दोष असला, तरी त्यातील धोका ग्राहकाला स्पष्टपणे सांगणे, हेही अहिंसाणुव्रताचेच पालन होय.