देवी गेली, लस मात्र गोठ्यात राहिली

आमच्या मस्तगडच्या गल्लीत पन्नाशीच्या पुढच्या बायकांचे दंड बघा, देवी काढल्याचा गोल वण दिसेल. "देवी डॉक्टर आले की आम्ही कणगीमागं लपायचो," असं सासूबाई सांगतात. माझ्या पिढीला तो वण नाही. जगातून देवी गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं, त्याच सुमारास टोचणीही थांबली. रोग गेला, आपण विसरलो. पण त्या लसीचं पुढं काय झालं, हे मैत्रिणींनो, ऐकण्यासारखं आहे.

लसीत देवीचा विषाणू नव्हताच. होता त्याचा सौम्य भाऊबंद, 'व्हॅक्सिनिया' नावाचा जिवंत विषाणू. आपल्याकडे ही लस रेडकांच्या कातडीवर वाढवत. पुढं म्हशींच्या सडांवर फोड आणणाऱ्या विषाणूची जनुकं तपासली, तर तो याच घराण्यातला निघाला! २००९ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात १६६ माणसांना, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या २१ गावांतही माणसांना असे फोड आले. हातावर फोड, ताप, काखेत गाठी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं त्याचा तपास केला होता.

माणसासाठी पाळलेला विषाणू म्हशीत कसा रमला? त्याला काही अक्कल नसते. कपाशीवर फवारणी झाली की जी अळी वाचते, तिचीच पिल्लावळ वाढते ना, तसंच हे. निसर्गाची निवड म्हणतात ती हीच.

या कुळाच्या विषाणूंची जनुकांची पोथी मोठी, सुमारे दोन लाख अक्षरांची. २०१२ साली अमेरिकेत एक गमतीचा प्रयोग झाला. त्यात आपल्या मुंबईच्या आयआयटीत शिकलेले हरमित मलिकही होते. पेशीचा पहारा चुकवणारं एक जनुक त्यांनी व्हॅक्सिनियातून काढून टाकलं. विषाणू लंगडा झाला. पण थोड्याच पिढ्यांत त्यातल्या काहींनी दुसऱ्या, जरा कमजोर जनुकाच्या प्रतीवर प्रती करून ठेवल्या. एकानं भागत नाही तर दहा जणी लावा कामाला! पोथी ७ ते १० टक्के लांबली. मग त्या प्रतींपैकी एकीत नेमकं एक अक्षर असं बदललं की ती एकटीच पुरी पडली, आणि जास्तीच्या प्रती गळून गेल्या. पेटीचा भाता फुगावा आणि मिटावा, तसं.

देवीच्या विषाणूचं मात्र उलटं झालं. उत्तर युरोपात सापडलेल्या, हजार-बाराशे वर्षांहून जुन्या सांगाड्यांतल्या देवीत जी जनुकं शाबूत होती, त्यातली काही नंतरच्या देवीत निकामी झालेली दिसली. हा अभ्यास २०२० चा. देवी फक्त माणसालाच व्हायची. लपायला गोठा नव्हता, म्हणूनच लसीनं तिला संपवता आलं.

व्हॅक्सिनियाला गोठा मिळाला. देवी टोचलेल्यांना त्याच्यापासूनही संरक्षण मिळायचं, आपल्याला आणि आपल्या मुलांना ते नाही. आणि बहुतेक घरांत धार काढते कोण? बाईच. सडांवर फोड दिसले तर ती म्हैस वेगळी बांधा, तिची धार सगळ्यात शेवटी काढा, हाताला चीर-जखम असेल तर दुसऱ्याला सांगा. साबणानं हात धुवा आणि गुरांच्या डॉक्टरांना बोलवा. आपल्या हातावर फोड आला, तर दवाखान्यात "घरी म्हशी आहेत" हे आधी सांगा. नाहीतर डॉक्टरांच्या ते लक्षातही येत नाही.