गूगलवर सगळं मिळतं, मग डेटाबेस कशाला?

एम.ए.च्या वर्गात प्रोजेक्टचे विषय वाटून झाले की हे वाक्य हमखास कानावर येते: “गूगलवर सगळं मिळतं, मग लायब्ररीचे डेटाबेस कशाला?” विद्यार्थी असे म्हणतात ते समजू शकते, त्यांना बहुधा कोणी काही दाखवलेलेच नसते. पण प्राध्यापक तेच म्हणतात आणि वर्गणी भरायची वेळ आली की व्यवस्थापनही तेच म्हणते, तेव्हा चीड येते. पैसे मोजून घेतलेली साधने वर्षभर कोणी उघडत नाही आणि संदर्भसूचीत पहिल्या पानावर हाती लागलेल्या पाच-सात पीडीएफ जाऊन बसतात. या समजाला नेहमी दिले जाणारे उत्तरही अर्धवट असते. ‘पैसे भरून वाचायचे शोधनिबंध गूगलला दिसतच नाहीत’ असे सांगितले जाते. तसे नाही. २००४ साली सुरू झालेले गूगल स्कॉलर अनेक मोठ्या प्रकाशकांच्या निबंधांचा पूर्ण मजकूर त्यांच्या संमतीने चाळते. निबंध उघडला नाही तरी त्याची नोंद तिथे बहुतेक वेळा असते. एखादा माहीत असलेला निबंध शोधायला, किंवा तो पुढे कोणकोणी उद्धृत केला हे पाहायला स्कॉलर उत्तम आहे. त्यामुळे जास्त कुठे मिळते या मुद्द्यावर भांडण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न हिशेबाचा आहे. जवळजवळ प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक विधान असते: ‘या विषयावर आजवर फारसे संशोधन झालेले नाही.’ हे विधान करण्याचा अधिकार कशाने मिळतो? कुठे शोधले, कोणत्या शब्दांनी शोधले, कोणत्या सालांपर्यंत शोधले, आणि दुसऱ्या कोणी तसेच शोधले तर त्याच्याही हाती तेच येईल का, हे सांगता आले तरच. गूगल स्कॉलर यातले पहिलेच सांगू देत नाही. ते कोणती नियतकालिके पाहते याची यादी प्रसिद्ध केलेली नाही. एका शोधात लाखभर निकाल असल्याचे दिसले तरी प्रत्यक्षात पहिले हजारच पाहता येतात, आणि ते कोणत्या क्रमाने लागले याचे सूत्र बाहेरच्या माणसाला तपासता येत नाही. ही कुणाची वैयक्तिक नावड नव्हे. गुसेनबाउअर आणि हॅडवे या अभ्यासकांनी २०२० साली ‘रिसर्च सिंथेसिस मेथड्स’ या नियतकालिकात २८ शोधयंत्रणांची तुलना मांडली. पद्धतशीर आढाव्यासाठी मुख्य साधन म्हणून त्यांतल्या १४ योग्य ठरल्या. गूगल स्कॉलर त्यांत नव्हते. पूरक साधन म्हणून त्याचा उपयोग त्यांनीही मान्य केला.

हा फरक प्रत्यक्षात कसा दिसतो ते पाहू. विषय समजा १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपाचा आहे. गूगलमध्ये इंग्रजीत ‘मुंबई मिल स्ट्राइक’ असे टाकले तर वर येतात वृत्तलेख, स्मरणलेख आणि एकमेकांवरून उतरवलेली टिपणे. डेटाबेसमध्ये बसल्यावर आधी विचार करावा लागतो. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १९९५ साली बदलले, म्हणजे संपाच्या काळातले लेखन ‘बॉम्बे’ या नावाखाली असणार. गिरणी कामगारांना कोणी ‘टेक्स्टाइल वर्कर्स’ म्हणेल, कोणी ‘मिलहँड्स’. मग ही पर्यायी नावे ‘ऑर’ने जोडायची, संप या कल्पनेशी त्यांची सांगड ‘अँड’ने घालायची, एकत्रच हवे असलेले शब्द अवतरणचिन्हांत ठेवायचे, १९८२ ते १९९० अशी मर्यादा लावायची आणि शोध केवळ शीर्षक व सारांशापुरता आवळून पाहायचा. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक जेस्टोर या डेटाबेसवर आहेत, संप चालू असताना झालेले विश्लेषण तिथे या मार्गाने हाती येते. मुख्य म्हणजे हे सारे वहीत चार ओळींत लिहून ठेवता येते आणि मार्गदर्शकाला तेच पुन्हा करून पाहता येते. वैद्यकात तर यंत्रणाच बरीच मदत करते: पबमेडमध्ये ‘हार्ट अटॅक’ लिहिले तरी ते ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या विषयशीर्षकाखालच्या नोंदीही शोधते, कारण तिथे प्रत्येक विषयाला ठरवलेले शीर्षक असते.

यावर आक्षेप येतो की डेटाबेसमधले तरी सगळे कुठे विश्वासार्ह असते? रास्त आक्षेप आहे. स्कोपससारख्या डेटाबेसलाही काही नियतकालिके नंतर वगळावी लागली आहेत. आपल्याकडची यूजीसीची मान्यताप्राप्त नियतकालिकांची जुनी यादी तर याहून बोलके उदाहरण. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तिची छाननी करून २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले: विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या, इतरत्र नोंद नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. तेव्हा ‘डेटाबेसमध्ये आहे म्हणजे खरे’ हाही गैरसमजच. पण चूक झाल्यावर काय होते, ते पाहा. एमएमआर लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला. पबमेडमधल्या त्याच्या नोंदीवर तो मागे घेतल्याचे ठळकपणे लिहिलेले आहे. कोणीतरी आपल्या संकेतस्थळावर चढवलेल्या जुन्या पीडीएफवर तसा शिक्का उमटण्याची कसलीच व्यवस्था नाही, आणि ती पीडीएफ उघडणाऱ्या विद्यार्थ्याला ते कळायचे कसे? निवडीचे निकष जाहीर असणे आणि दुरुस्तीची नोंद राहणे, यासाठीच वर्गणी मोजायची असते.

‘डेटाबेसमध्ये काहीच सापडत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा प्रश्नाचे पूर्ण वाक्य टाकल्यामुळे येते; दोन-तीन नेमके शब्द टाका. ‘ते फक्त कॉलेजच्या वायफायवर चालते’ हेही खरे नाही: गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट योजना २०१० पासून महाविद्यालयांसाठी आहे आणि सदस्य महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला ग्रंथपालांकडून मिळालेल्या लॉगिनवर घरूनही उघडते. ‘हे फक्त आयआयटीवाल्यांसाठी असते’ हा समज ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’नंतर तरी जायला हवा; केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ही तीन वर्षांची ६,००० कोटी रुपयांची योजना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य सरकारांच्या उच्चशिक्षण संस्थांना खुली करते. खासगी महाविद्यालये मात्र तिच्यात नाहीत, म्हणून त्यांनी एन-लिस्टकडे अधिक गांभीर्याने पाहायला हवे. ‘एआय संदर्भ काढून देते’ असे म्हणणाऱ्यांनी २०२३ सालचा न्यूयॉर्कमधला खटला आठवावा: चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केल्याबद्दल तिथल्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला. एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ डेटाबेसमध्ये शोधून पाहायचा. नोंद मिळाली नाही तर मूळ लेखन हाती आल्याशिवाय तो वापरायचा नाही.

एक आक्षेप मात्र पूर्ण मान्य करावा लागतो. मराठी साहित्य, लोकसंस्कृती किंवा स्थानिक इतिहासावर काम करणाऱ्याला हे परदेशी डेटाबेस फार पुढे नेत नाहीत. ते प्रामुख्याने इंग्रजी आहेत आणि मराठी नियतकालिकांना त्यांत जवळपास जागा नाही. पण म्हणून गूगलकडे वळणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण तिथेही जुन्या मराठी नियतकालिकांतले फार थोडे दिसते. ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य आहेत, त्यांत मराठीत लिहिलेलेही आहेत, आपल्या विषयाजवळचा एखादा प्रबंध काढून त्याची संदर्भसूची ओळीने वाचणे ही चांगली सुरुवात ठरते. १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आजही पाहावी लागते. आणि इथेही नियम तोच राहतो: कोणती सूची पाहिली, कोणत्या विषयाखाली पाहिली आणि कोणत्या सालापर्यंत, हे प्रबंधात लिहायचे.