ओल्या कणकेचा नाद

भाद्रपद लागला की कृष्णाकाठची गावे जागी होतात. वाईच्या ढोल्या गणपतीपासून सांगलीच्या गणपती पंचायतनापर्यंत नदी एकच आणि तिच्या काठच्या उत्सवांची ओढही एकच. मंडपात समई उजळते, बुवा उभे राहतात आणि मृदंगावर पहिली थाप पडते. ती थाप ऐकूनच श्रोता मनाने मंदिरात येतो.

नाट्यशास्त्रातील कथा मोठी रम्य आहे. स्वाती मुनी पाण्यासाठी जलाशयावर गेले असता पाऊस आला. लहानमोठ्या कमलपत्रांवर पडणाऱ्या थेंबांचे निरनिराळे नाद त्यांनी मनात साठविले आणि आश्रमात परतून पुष्करवाद्ये घडविली. या वाद्यांना नदीकाठच्या काळ्या, मऊ मातीचा लेप द्यावा, असे भरतमुनी सांगतात. आजचा मृदंगवादक डाव्या पुडीवर गव्हाची ओली कणीक थापतो, ती याच परंपरेची खूण होय. उजव्या पुडीवरची शाई कायमची. कणीक मात्र वादनापूर्वी लावावयाची आणि वादन संपताच खरवडून काढावयाची. ती किती सैल, किती घट्ट, हे त्या दिवसाची हवा आणि गाणाऱ्याचा स्वर पाहून वादकाचा हातच ठरवितो.

या विद्येचे थोर आचार्य नाना पानसे हे वाईजवळच्या बावधनचे. कीर्तनानिमित्त वडिलांबरोबर काशीस गेले असता बाबू जोधसिंहांचे वादन त्यांच्या कानी पडले आणि ते तेथेच शिकावयास राहिले, असे वादकांच्या परंपरेत सांगतात. पुढे इंदूर दरबारी त्यांनी कीर्ती मिळविली व त्यांच्या नावाचे घराणे झाले. त्यांचा हात मात्र आपणांस ऐकावयास मिळत नाही. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली.

आणि त्या यंत्राचे चर्मवाद्यांशी फारसे सख्य नव्हते. कर्ण्यासमोर गायक जवळ उभा राही, साथीदार दूर बसे. खर्जातील घुमारा तबकडीवर नीट उमटत नसे. ही अडचण आपलीच नव्हती. १९१७ साली अमेरिकेत जाझ संगीताची पहिली तबकडी निघाली. त्या काळी तेथील ढोलवादकांनाही मोठा ढोल आवरून लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागे, कारण मोठ्या आघाताने कोरणारी सुई हादरण्याची भीती असे. १९२५ च्या सुमारास विजेचा ध्वनिग्राहक आला, तेव्हा कोठे खर्जाला न्याय मिळू लागला.

सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या कीर्तनाची ध्वनिफीत निघाली. मुद्रणगृहात माझ्या वृद्ध मृदंगवादकांना काचेपलीकडच्या निराळ्या खोलीत बसविले. गार हवेने कणीक वाळू लागली, आणि मला पाठमोरे बसल्याने त्यांना माझा चेहरा दिसेना. निरूपण संपवून मी आख्यानाकडे वळलो, तेथेच लय सुटली. असे तीनदा झाले. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "बुवा, मी तुमच्या श्वासावर वाजवितो, तो मला दिसू द्या." दुसऱ्या दिवशी आम्ही समोरासमोर बसलो, दोन पुड्यांसाठी दोन ध्वनिग्राहक लावले, आणि एका बैठकीत काम झाले. आज ते नाहीत; ती फीतच त्यांची आठवण आहे.

आता विजेवरची तालयंत्रे घरोघर आहेत. अभ्यासाला ती उत्तम. त्यांची मात्रा चुकत नाही. परंतु ध्रुवाच्या आख्यानात बुवांचा कंठ दाटून आला, तर यंत्र थांबत नाही. मागील वर्षी साथीला आलेल्या एका तरुणाने विचारले, "बुवा, यंत्र असताना मला कशाला बोलावता?" मी म्हणालो, "यंत्र मला ताल देते; तू माझे कीर्तन ऐकतोस."

मंडळांच्या चालकांना एवढीच विनंती की, उत्सवाच्या पत्रिकेत कीर्तनकाराच्या नावाखाली मृदंगवादकाचेही नाव छापावे आणि त्याची बिदागी आखडू नये. वाजविणारे हात घरी बसले, तर कणीक मळण्याची विद्या कोणत्या तबकडीवरून शिकणार?