एक शब्द, किती अर्थ : स्नॅपर 🐟

हॉटेलच्या मेनूत 'रेड स्नॅपर' दिसला की ओळखा, ही आपली तांबोशी! तांबूस रंगाची, घट्ट मांसाची, रवा लावून तळा नाहीतर कालवण करा. गोव्यात हिलाच तांबसो म्हणतात.

पण हे नाव कशावरून? 'स्नॅप' म्हणजे झटकन चावा घेणं, पटकन पकडणं. या माशाचे पुढचे दात टोकदार असतात आणि भक्ष्य तो झडप घालून पकडतो. याच एका क्रियेतून बाकीचे बरेच अर्थ फुटलेत:

🐢 अमेरिकेत स्नॅपर म्हणजे कचकन चावणारं कासव. तिथल्या दक्षिणेकडच्या नद्यांतलं 'ॲलिगेटर स्नॅपर' तळाशी जबडा उघडून बसतं आणि जिभेवरचा गांडुळासारखा अवयव हलवून माशांना भुलवतं.

📷 ब्रिटनमध्ये स्नॅपर म्हणजे फोटोग्राफर, विशेषतः वृत्तपत्राचा. क्षण झटकन टिपणारा!

🏈 अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन पायांमधून चेंडू मागे फेकून खेळ सुरू करणारा खेळाडू.

👶 डब्लिनच्या बोलीत चक्क तान्हं बाळ! रॉडी डॉइल यांच्या 1990 च्या 'द स्नॅपर' या कादंबरीचं नाव त्यावरूनच.

आणखी एक गंमत : ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 'स्नॅपर' म्हणून मिळणारा मासा तांबोशीच्या कुळातला नाहीच, तो 'सी ब्रीम'च्या कुळातला. तिकडच्या मराठी मंडळींनो, खरेदी करताना लक्षात असू द्या.

तुमच्या गावी तांबोशीला काय म्हणतात? नक्की लिहा, अशी नावं जपायला हवीत.

#शब्दवेध #तांबोशी